ओटीपोटात गाठ निघाली: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

ऐन कापूस वेचणीत वहिनीचं ओटीपोट जड वाटायला लागलं. तालुक्याला पोटावरून सोनोग्राफी केली, तर रिपोर्टात एवढंच: डाव्या बाजूला ७ सेंटिमीटरची गाठ. घरात लगेच सुरू झालं, नागपूरला नेऊन सीटीच काढू. मी अडवलं.

कारण सोनोग्राफी अर्धीच झाली होती. पोटावरची सोनोग्राफी लघवी भरलेली असताना करतात; आतली, म्हणजे योनीमार्गातून, लघवी करून आल्यावर. आतलीत अंडाशय फार जवळून दिसतं: गाठीत नुसतं पाणी आहे की घट्ट भाग, आत पडदे आहेत का, रक्तप्रवाह किती. वहिनी पदर मुठीत धरून बसली होती. नर्सताईंनी प्रोबला, म्हणजे आत घालायच्या दांडीला, नवं कव्हर चढवून दाखवलं, अंगावर चादर घातली, तेव्हा कुठे ती तयार झाली. लाज वाटते, ते खरंच आहे; लेडी डॉक्टर मागा. लग्न न झालेल्या मुलींची मात्र सहसा पोटावरूनच करतात.

आतल्या सोनोग्राफीत गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गर्भपिशवीतूनच निघताना दिसल्या. म्हणजे अंडाशयाची गाठ नव्हतीच, देठावरचा फायब्रॉईड, म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूची साधी गाठ, होता. पाळी चालू असलेल्या बाईची अंडाशयातली नुसत्या पाण्याची छोटी गाठ तर बरेचदा आपोआप जिरते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. तेवढ्यावरून कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

सीटी मिनिटांत होते, पण किरणं लागतात, बहुधा रंगाचं इंजेक्शनही. गाठ कसली हे ठरवायला ती कमी पडते. कॅन्सरचा संशय असेल, पोटात पाणी झालं असेल, तर कुठवर पसरलंय ते पाहायला तीच लागते.

सोनोग्राफीवरून उलगडलं नाही, तर माझं मत एमआरआयला. गाठ पिशवीची की अंडाशयाची, आत चरबी की जुनं रक्त, हे ती नीट सांगते, किरणंही नाहीत. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, मशीन धाडधाड वाजते. जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवा. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

रक्ताच्या तपासणीत सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ते) वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पोटाच्या टीबीत आणि फायब्रॉईडमध्येही ते वाढतं. पण पाळी गेलेल्या बाईला गाठ निघाली, तर वेचणी संपायची वाट पाहू नका. अचानक पोटात कळ येऊन उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी निघा; गाठ पिळली असू शकते.

सेवाग्रामला जा की नागपूरला, जुन्या फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.