मांडवी (कच्छ) हाफ डे टूर : गोदीला पाच स्टार, बाकीला तीन

आधीच सांगते, ही मांडवी म्हणजे मस्जिद बंदरची नाही आणि गोव्यातली नदी पण नाही, कच्छमधली. भुजपासून साठेक किलोमीटर, रुक्मावती नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. आम्ही डिसेंबरात रण बघायला गेलेलो, मी, नवरा, सासूबाई आणि नववीतले चिरंजीव. पॅकेजवाल्याने मांडवीला दोन तास दिले होते, बीच, उंट, पॅलेस, चला बसा गाडीत. मग आम्ही पॅकेजचा शेवटचा दिवस सोडूनच दिला (पैसे परत मिळाले नाहीत, तो विषय नको) आणि मांडवीत एक रात्र राहिलो. जिथे उतरलो त्या घरमालकांनी ही टूर ठरवून दिली, एक रिटायर्ड खलाशी चाचा आणि त्यांच्या भाच्याची छकडा रिक्षा. ना वेबसाइट ना पावती. हा रिव्ह्यू त्याचाच.

ठरले होते सात वाजता, उगवले सव्वाआठला. नवऱ्याचं तोंड वाकडं. चाचा शांतपणे म्हणाले, भरती आत्ता यायला लागलीय, सातला आणलं असतं तर चिखल बघितला असता. आम्हाला वाटलं झाली बहाणेबाजी सुरू, पण पुलावर पोचलो तर खरंच खाली पाणी हळूहळू नदीत शिरत होतं आणि चिखलात कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या. उशीर माफ. (तरी फोन करायला हवा होता हो.)

आता गोदी. गोदी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर माझगाव, क्रेन, गेट, वॉचमन. इथे तसलं काहीच नाही, नदीच्या काठावर उघड्यावर लाकडी जहाजं उभी आहेत, तीन मजली बिल्डिंगएवढी, खाली ओंडक्यांचे टेकू आणि बाजूने शेळ्या फिरतायत. इथे जहाजाला वहाण म्हणतात, तेच ते अरबी समुद्रातलं ढाऊ. एक नुसता सांगाडा होता, मोठ्या माशाच्या फासळ्या उभ्या केल्यासारखा, दुसऱ्याला अर्ध्या फळ्या लागलेल्या, तिसरं रंगापर्यंत आलेलं. म्हणजे एकाच फेरीत जहाज कसं बनतं ते पहिलीपासून दहावीपर्यंत बघून होतं.

चाचांनी इथे सव्वा तास घालवला आणि टूरचे पैसे इथेच वसूल झाले. त्यांनी सांगितलं की फळ्यांना साल नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात, पण आतल्या वाकड्या फासळ्यांना बाभूळ, कारण बाभळीचं झाड मुळातच वाकडंतिकडं वाढतं, मिस्त्री ढिगाऱ्यात फिरून ज्या बाकाची फासळी हवी त्या बाकाचं खोड निवडतो आणि मग तासतो. वाकवायची भानगडच नाही. मुलाने विचारलं ड्रॉइंग कुठाय, तर चाचांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तो मिस्त्री हसला पण नाही, कामात होता. मग दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात हातोडीने ठोकून ठोकून भरतात ते दाखवलं, तो आवाज अजून कानात आहे, टकटक नाही, जरा बोदा, एकाच तालात चारपाच जण ठोकतायत. त्या कापसाला पाणी लागलं की तो फुगतो, लाकूडही फुगतं आणि सांधा आपोआप घट्ट बसतो. एक वहाण व्हायला दोन वर्षं तरी जातात, पैशाची ओढाताण झाली तर जास्त. तयार झालं की अमावस्या पौर्णिमेची मोठी भरती बघून पाण्यात ढकलतात, आणि इंजिन पुष्कळदा दुबईला नेऊन बसवतात, तिकडे सेकंडहँड स्वस्त पडतं म्हणे. मग दुबई, ओमान, सोमालिया अशा फेऱ्या, मोठी कंटेनर जहाजं जिथे जात नाहीत त्या बारक्या बंदरांना.

आणि इथेच सासूबाईंनी टूर ताब्यात घेतली. त्यांचं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. चाचा म्हणाले आम्ही खारवा (इथला दर्यावर्दी समाज) लोकांबरोबर वाढलो, तर ह्या म्हणाल्या अहो आमच्याकडे खारवी. चाचा म्हणाले टंडेल (खलाशांचा म्होरक्या), ह्या म्हणाल्या तांडेल. ते सुकान, ह्या सुकाणू. नाखुदा म्हटल्यावर नाखवा. असा जो काही सामना रंगला की आम्ही तिघं बाजूला उभे राहून नुसते माना हलवतोय. ते त्यांना बा (गुजरातीत आई) म्हणायला लागले आणि त्या त्यांना भाऊ. नारळी पौर्णिमेला खारवा लोक इथेही दर्याला नारळ देतात, आणि आषाढी बीजेला कच्छी लोकांचं नवं वर्ष असतं, म्हणजे आपण पंढरपूरच्या बातम्या बघत असतो तेव्हा यांची दिवाळी. हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि आमच्या शेजारीच कच्छी कुटुंब राहतं, लाज वाटली जरा.

मला सारखं गिर्ये आठवत होतं. विजयदुर्गाजवळ मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे ना, ती. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, सुंदर आहे, शांत आहे, पण तिथे कल्पनाच करावी लागते, इथे जहाज, तिथे सुतार. मांडवीत कल्पना करायला जागाच नाही, सुतार आपल्याला म्हणतो बाजूला व्हा, फळी येतेय.

इतिहासाचा भाग चाचांनी गल्ल्यांमधून चालता चालता उरकला. गाव वसवलं कच्छच्या जाडेजा राजाने, पहिल्या राव खेंगारजीने, १५८० च्या सुमारास. एके काळी इथल्या व्यापाऱ्यांची चारशे जहाजं होती असं सांगतात, मलबार, मस्कत, झांजिबार असा सगळा कारभार. मग आगबोटी आल्या, मुंबई कराची मोठी झाली आणि मोठा व्यापार तिकडे सरकला, व्यापारी पण मुंबईला, ते मस्जिद बंदरच्या मांडवीत जाऊन बसले. जुन्या घरांचे कोरीव दरवाजे अजून आहेत, काहींना कुलूप, काहींच्या खाली मोबाइल रिचार्ज.

एक तक्रार. चाचांनी अगदी छातीठोक सांगितलं की वास्को द गामाला १४९८ मध्ये आफ्रिकेतून कालिकतपर्यंत वाट दाखवली ती कानजी मालमने, आणि तो इथलाच. मुलाने जागेवर फोन काढून शोधलं तर इतिहासकारांचं एकमत नाही, कुणी इब्न माजिद नावाच्या अरबाचं नाव घेतं, कुणी तेही मानत नाही, वाटाड्या गुजराती होता एवढं बरेच जण म्हणतात. मुलाने हे ऐकवल्यावर चाचा म्हणाले, बेटा, तू गुगलला विचार, मी दर्याला विचारतो. उत्तर भारी आहे पण उत्तर नाहीये. ऐकायला गोड गोष्ट म्हणून घ्या, परीक्षेत लिहू नका.

दुपारचा भाग खरं सांगायचं तर ढेपाळला. क्रांती तीर्थ म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं स्मारक, तिथे चाचा म्हणाले बडे आदमी थे आणि रिक्षात जाऊन झोपले. अरे! मराठी माणसाला आणून इथेच झोपायचं? श्यामजी इथे मांडवीतच जन्मले, १८५७ ला. लंडनमध्ये १९०५ साली त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी इंडिया हाउस हे वसतिगृह काढलं, आणि टिळकांनी शिफारस केली म्हणून सावरकर १९०६ मध्ये शिवाजी शिष्यवृत्तीवर तिथे गेले, ती शिष्यवृत्ती पॅरिसमधले क्रांतिकारक सरदारसिंह राणा यांची, पण पत्रव्यवहार आणि निवड श्यामजींकडे. १९३० मध्ये श्यामजी जिनिव्हात वारले आणि अस्थी भारतात यायला २००३ उजाडलं. त्या इंडिया हाउसची हुबेहूब इमारत इथे बांधलीय, लंडनची लाल विटांची उभट घरं असतात ना तशी, आजूबाजूला कच्छची माती आणि खारा वारा. बघायला जरा विचित्र वाटतं पण मी तिथे बराच वेळ थांबले. गाइडचं काम मीच केलं, मुलाने ऐकून घेतलं हे विशेष.

विजय विलास पॅलेस छान आहे, लाल दगड, १९२९ ला पूर्ण झालेला, गच्चीवरून लांब समुद्राची रेघ दिसते. शूटिंगं खूप झालीत त्यामुळे लोक बघतात कमी आणि पोज जास्त देतात. पॅलेस गावापासून सातआठ किलोमीटर आहे आणि तिथपर्यंतचं रिक्षाभाडं वेगळं हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं, हे बरोबर नाही. आधी विचारून घ्या. बीचबद्दल लिहीत नाही, बीच आहे, पवनचक्क्या आहेत, उंट आहेत.

आता दाबेली. ठाण्यात आपण जिला कच्छी दाबेली म्हणतो ती याच गावची, केशवजी गाभा चुडासमा नावाच्या माणसाने साठच्या दशकात सुरू केली असं सांगतात. चाचांनी एका हातगाडीवर नेलं, गाडीला नाव नव्हतं. मसाला तिखट, चिंच बेताची, दाणे कुरकुरीत, डाळिंबाचे दाणे मोजून चार. नवऱ्याचं मत, आपल्या स्टेशनबाहेरची बरी. चाचांसमोर बोलला नाही एवढं नशीब. सासूबाईंनी तीन खाल्ल्या, रात्री जेवल्या नाहीत.

तर घ्यावी का ही टूर? मी म्हणेन फक्त सकाळची घ्या, पॅलेस आणि क्रांती तीर्थ आपलं आपण रिक्षा करून बघा. आदल्या दिवशी भरतीची वेळ विचारा, त्याप्रमाणेच निघा. मासळी बाजार नदीकाठीच आहे, वासाचा त्रास असेल तर रुमाल ठेवा, आम्हाला नव्हता, उलट सासूबाई भाव विचारत फिरल्या आणि होमस्टेत चूल मिळेल का याचा हिशोब करत होत्या. गोदीत फोटो काढायला कुणी अडवत नाही पण विचारून काढा, लोक उंचावर काम करतायत, मध्येच हाक मारू नका. आणि चपला नको, बूट घाला, जमिनीवर वीतभर लांबीचे खिळे पडलेले असतात. मुलाने त्यातला एक गंजका खिळा मिस्त्रीला विचारून खिशात घातला, भुज एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने तो काढून घेतला, आणि मुलगा ठाण्यापर्यंत बोलला नाही.