मांजराच्या पिल्लाची लस: दवाखान्यात की घरी?

पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचे झाले की तिहेरी लस (मांजरांच्या तीन संसर्गजन्य आजारांवरची एकत्रित लस) सुरू होते, 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी तिचा पुढचा डोस द्यावा लागतो आणि रेबीजची लस साधारण 12 आठवड्यांनंतर टोचतात. म्हणजे दोन-अडीच महिन्यांत तीन-चार फेऱ्या आल्याच.

दवाखान्यात वजनकाटा असतो, लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवणारा फ्रीज असतो आणि क्वचित लशीची तीव्र ॲलर्जी होऊन तोंड सुजले किंवा धाप लागली, तर इलाज हाताशी असतो. मात्र पॅनल्यूकोपेनियाचा (त्या तिघांपैकी एक, मांजरांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला तिथल्या बाकाखाली मोकळे सोडणे धोक्याचे ठरते.

डॉक्टर घरी आले की हा धोका बराच कमी होतो. आमचे पिल्लू तर टॉवेलात गुंडाळलेले, चमच्यावरचे दही चाटता चाटता सुई विसरले. फक्त लस बर्फाच्या डब्यातून आली का, हे पाहावे आणि कुपीवरचे लेबल पुस्तिकेत चिकटवून घ्यावे.

पहिला डोस दवाखान्यात, पिल्लू झाकलेल्या टोपलीत मांडीवर ठेवून द्यावा आणि पुढचे घरी, असे माझे मत आहे.