चाहता-विकीची संपादक-मार्गदर्शिका: एक अभिप्राय

गोमंतकीय गायकांवरील एका चाहता-विकीसाठी (चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन कोशासाठी) फोंड्यातून नोंदी लिहिताना मी तिथली संपादक-मार्गदर्शिका वापरतो. शीर्षकनाम पहिल्या वाक्यात ठळक करावे, दुवा पहिल्याच उल्लेखाला दुहेरी चौकटी कंसांत द्यावा, हे नियम सोदाहरण दिले आहेत. केसरबाई केरकर यांच्या नमुना-नोंदीत १८९२ सालचा जन्म आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेले ध्वनिमुद्रण आधी येते, बिरुदे नंतर, हे विशेष पटले. आपल्याकडे निम्मा लेख विशेषणांतच संपतो. तिरप्या अक्षरांचा आग्रह मात्र रोमन लिपीतून उचललेला वाटतो, कारण देवनागरीत अवतरणचिन्हेच अधिक वाचनीय ठरतात. शिवाय केसरबाईंच्या जन्मगावाचे, म्हणजे केरी, हे नाव असलेली गावे फोंडा, सत्तरी आणि पेडणे या तिन्ही तालुक्यांत असताना जन्मस्थळासोबत तालुका लिहिण्याचा नियम नसावा, ही मोठीच उणीव आहे.