कमी पगार की वैमानिकांची टंचाई: विमान कंपनी नेमकी कशाने बंद पडते?

अमेरिकेतल्या छोट्या प्रादेशिक कंपन्यांबद्दल हा प्रश्न हमखास येतो. मार्च 2018 मध्ये ग्रेट लेक्स एअरलाइन्सने उड्डाणे थांबवली आणि दोष टंचाईला दिला. कंपनीचे निवेदन बाजूला ठेवून दोन्ही कारणे तपासू.

सुरुवात: 2009 मध्ये कोलगन एअर या अमेरिकी प्रादेशिक कंपनीच्या विमानाला अपघात झाला आणि त्यानंतर नियम कडक झाले. 2013 पासून सहवैमानिकालाही साधारण 1500 तास उड्डाणाचा अनुभव लागू लागला. पूर्वी 250 तासांचा व्यावसायिक परवाना पुरायचा. टंचाईचा दावा इथे खरा आहे.

झळ कोणाला: इथे मात्र पगार बोलतो. नियम सगळ्यांना सारखाच, तरी मोठ्या कंपन्यांना माणसे मिळत राहिली. रिकाम्या झाल्या त्या कमी पगाराच्या कंपन्या. माझ्या मते हाच निर्णायक पुरावा.

उपाय: तास भरायला वर्षे लागतात, पगार महिन्यात वाढवता येतो. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी तो मोठ्या प्रमाणात वाढवलाही. पण थोड्या आसनांच्या विमानाला तो खर्च झेपत नाही.

एखादीच कंपनी का बुडाली हे समजायचे असेल तर आधी पगार पाहा. लहान गावांची सेवा सगळीकडेच का आटते, हा प्रश्न असेल तर टंचाईपासून सुरुवात करा.