नांगरलेल्या बोटीची थपथप: अंथरूण बांधावं की बोट वळवावी?

वारा पडला की आज निवांत झोप लागणार असं वाटतं, आणि नेमकी त्याच रात्री मागच्या केबिनमध्ये थपथप सुरू होते. वारा असेपर्यंत एका नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून राहते आणि लाटा पुढच्या धारदार नाळेवर दुभंगतात. वारा पडला की भरती-ओहोटीची ओढ तिला फिरवते, आणि चार बोटं उंचीच्या लाटासुद्धा मागून येऊन पिछाडीच्या सपाट बुडाखाली शिरतात. तिथे पाणी आणि बूड जवळजवळ समांतर असतात. लाट तिरकी घासून निघून जात नाही, सगळी एकदम आदळते, आणि मध्ये हवाही कोंडते. फायबरग्लासचं बूड मग ढोलाच्या पानासारखं वाजतं, आणि तुमची उशी त्या पानापासून हातभर अंतरावर असते.

काहीही विकत घेण्याआधी आवाज कुठला ते शोधा. केबिनमध्ये बुडाच्या आतल्या बाजूला तळहात टेकवा. प्रत्येक थापेसरशी हाताला धक्का लागला तर ती लाटच. धक्का लागत नसेल तर डोलकाठीच्या बुंध्याला कान लावा. सुटे दोर काठीवर आपटत असतील तर तिथे हातोडी मारल्यासारखं ऐकू येतं. मी एक अख्खा मोसम बुडाला दोष देत होतो. खरा ठोका सुकाणूचा होता: त्याच्या बेअरिंगमध्ये आलेली ढील लाटेगणिक खटकत होती. चाक मधोमध ठेवून घट्ट बांधलं आणि त्या रात्रीपासून तो आवाज बंद झाला.

थाप लाटेचीच असेल, तर खरी निवड दोन गोष्टींत आहे: बोटीचा कोन बदलायचा की पिछाडीखाली मऊ काहीतरी बांधायचं.

कोन बदलण्याचा सोपा मार्ग म्हणजे बगलदोर. नांगराच्या साखळीला एक दोर जोडायचा, तो बोटीच्या बाहेरून मागच्या विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरकावर, आणायचा, आणि साखळी थोडी सैल सोडायची. बोट तिरकी होते. दोर ओढून किंवा सोडून कोन हवा तसा जुळवता येतो, आणि नको असेल तेव्हा विंचवरून सोडून दिला की बोट पुन्हा पूर्वीसारखी. मात्र वारा किंवा प्रवाह एका दिशेने स्थिर असेल तोवरच हे जमतं. रात्री भरती फिरली की कोन बिघडतो आणि दोर साखळीभोवती पीळ घेऊ शकतो.

मागे दुसरा नांगर टाकला तर कोन पक्का राहतो, आणि थाप थांबवण्यात याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तरीही गर्दीच्या जागी मी तो टाकत नाही. शेजारच्या बोटी एका नांगरावर गोल फिरत असतात आणि तुमची खिळलेली असते. वारा फिरला की त्या तुमच्यावर येतात. आडवा वारा वाढला तर दोन्ही नांगरांवरचा ताण खूप चढतो, आणि अंधारात घाईने निघायचं झालं तर दोन नांगर उचलावे लागतात. मोकळी जागा आणि भरवशाचं हवामान असेल, तरच.

दुसरा मार्ग अंथरुणाचा. फोमची जाड चादर पिछाडीच्या बुडाखाली सरकवायची आणि चारही कोपऱ्यांचे दोर दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना बांधायचे. फोम बंद छिद्रांचा हवा. स्पंजासारखा फोम पाणी पितो, जड होतो आणि सकाळी दोघांनाही ओढून निघत नाही. चादर छोट्या लाटा आत शिरण्याआधीच दाबते आणि उरलेल्या थापेला गादी देते. बोट कशीही फिरली तरी ती सोबत फिरते, म्हणून प्रवाह उलटणाऱ्या जागी मी हिचीच निवड करतो. मोठ्या लाटांत मात्र ती टिकत नाही, गोळा होऊन एका बाजूला जाते. आणि काढायची विसरलात तर ती थेट इंजिनाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंतते. चादर बांधली की इंजिनाची किल्ली मी तिच्या पिशवीत टाकतो. पिशवी हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.

आतून फोम चिकटवण्याचा सल्ला खूप मिळतो. केबिनमधला घुमारा त्याने कमी होतो, पण थरथरणारं बूड थरथरतच राहतं. थरथर मारायला जड, चिकट डॅम्पिंग शीट थेट बुडाच्या आतल्या बाजूला बसवावी लागते. काम चिकाटीचं आहे. बोट कायमच वाजत असेल तर करा. सुट्टीपुरती बोट असेल तर पुढच्या केबिनमध्ये झोपायला जा.

तिथे साखळी ऐकू येते. खडकाळ तळावरून सरकताना तिचा गुरगुराट साखळीवाटेच नाळेत चढतो. नायलॉनचा स्नबर, म्हणजे साखळी आणि बोट यांच्यामधला लवचिक दोर, जोडून ताण त्याच्यावर घेतला आणि बोटीकडची साखळी सैल सोडली की आवाज बराच तुटतो. शिवाय नायलॉन ताणतो, म्हणून झटकेही मऊ होतात. यात निवडायचं काही नाही, स्नबर हवाच. तसंच डिंगीचं, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीचं: पाण्यात बांधून ठेवू नका, उचलून घ्या. डोलकाठीचे दोर रबरी बंजीने बाजूच्या तारांकडे ओढून बांधा.

बुडातून तडतड ऐकू आली, तेलात मोहरी फुटावी तशी, तर घाबरू नका. कोळंबीसारखा एक चिमुकला जीव नांगी इतक्या झपाट्याने मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. त्याला इलाज नाही आणि गरजही नाही.

राहिले कानातले बोळे. थापेवर ते चटकन काम करतात, पण नांगर सरकू लागल्याची साखळीची थरथर आणि नांगराचा अलार्म, दोन्ही त्यांच्यामागे हरवतात. म्हणून आमच्याकडे बोळे एकाच्याच कानात असतात, मागच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याच्या. पुढे साखळीजवळ झोपणारा उघड्या कानांनी झोपतो.