बाकानोरा: काही महिने घरात ठेवून, चाखून झाल्यावर

बर्फ, लिंबू आणि सोडा घालूनच प्यायची असेल, तर बाकानोरा या मेक्सिकन दारूवर पैसे घालू नका. आमच्याकडे अमेरिकेत, अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात बरी बाटली ७० डॉलरच्या आसपास पडते, आणि सोडा घातला की जिच्यासाठी एवढे मोजले ती चवच निघून जाते. पण छोट्या ग्लासात, काही न मिसळता, जेवणाआधी सावकाश प्यायची तयारी असेल तर पुढे वाचा. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या घरी दुसरी कुठलीही दारू उघडलेली नाही.

बाकानोरा सोनोराची. अॅरिझोनाच्या खाली सीमेला लागूनच हे मेक्सिकन राज्य आहे. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात बाकानोरा नावाचं गावच आहे, आणि साहुआरिपा, आरिवेची ही आजूबाजूची गावंही याच दारूसाठी ओळखली जातात. आपल्याकडे बांधावर लावतात त्या घायपाताच्याच कुळातली एक जात, आगावे आंगुस्तिफोलिया, तिथे डोंगरउतारावर वाढते. झाड तयार व्हायला सहा-सात वर्षं तरी लागतात. ते आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. म्हणून फुलाचा दांडा वर येऊ लागला की तो छाटतात. साखर मग गड्ड्यातच साठते.

ती बनवणाऱ्याला विनातेरो म्हणतात आणि त्याच्या भट्टीला विनाता. पानं तासून उरलेले गड्डे दगडांनी बांधलेल्या खड्ड्यात, मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर घालतात, वरून मातीनं झाकतात आणि साधारण दोन दिवस भाजू देतात. मग कुऱ्हाडीनं किंवा आता यंत्रानं ठेचून, पाणी घालून आंबवतात. विकतचं यीस्ट नाही, हवेतलं जे असेल ते. त्यानंतर दोनदा गाळतात. पक्की झाली का हे ओतताना उठणाऱ्या बुडबुड्यांवरून ठरतं: ते किती मोठे, किती वेळ टिकतात. काजूची फेणी भट्टीवर निघताना पाहिलेल्या माणसाला इथे फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

एवढी जुनी चीज इतकी अनोळखी का राहिली? १९१५ साली सोनोराचे गव्हर्नर प्लुतार्को एलियास कायेस यांनी तिच्यावर बंदी घातली. हेच पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. बंदी उठली १९९२ मध्ये. मधल्या ७७ वर्षांत विनाते दऱ्याखोऱ्यांत, ओढ्याकाठी लपून चालले. घोडेस्वार पोलीस मागावर असत. टकीलाला १९७४ मध्ये भौगोलिक नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं, तेव्हा बाकानोरा गाळणं गुन्हा होता. तिला ते संरक्षण २०००मध्ये मिळालं, सोनोरातल्या ३५ तालुक्यांपुरतं. बापाकडून मुलाकडे, चोरून, काहीही लिहून न ठेवता ही विद्या टिकवणाऱ्या त्या घरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता चवीबद्दल. मेक्सिकोतल्याच वाहाका राज्यातल्या मेझ्कालची, म्हणजे आगावेपासूनच बनणाऱ्या धुरकट दारूची, सवय असलेल्यांना धूर कमी वाटेल. आधी मिरीसारखा तिखटपणा येतो, मग निखाऱ्यात भाजलेल्या रताळ्याचा गोडवा, आणि शेवटी कोरडा, खनिज असा काहीतरी स्वाद जिभेवर बराच वेळ राहतो. नव्या बाटलीचा पहिला घोट जरा झोंबतो. थोडी रिकामी झाल्यावर, आठवडाभरानं, ती खुलते. सोनोरातला भाजलेला बीफ आणि चिलतेपीन ही बारीक गोल मिरची तिच्यासोबत उत्तम. मला भाजलेले शेंगदाणेही चालतात.

एकाच विनातेरोच्या दोन खेपा माझ्याकडे आहेत आणि त्या सारख्या नाहीत. दुसरी जास्त कडक आहे, गोडवा मागे सरलाय. काहींना यात दोष दिसेल. मला वाटतं, रानातली झाडं, त्या वर्षीचा पाऊस आणि उघड्यावरचं आंबवण यांतून दर वेळी तंतोतंत तीच चव निघाली, तर उलट शंका घ्यावी. म्हणून लेबलवर गाव, बनवणाऱ्याचं नाव आणि खेपेचा क्रमांक आहे का हे मी आधी बघतो. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या कॅनमधून विकली जाणारी, कुणाची ते न कळणारी दारू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. ओकच्या पिंपात मुरवलेलीही मिळते. माझ्या मते लाकडाच्या वासाखाली झाड हरवतं, तेव्हा पारदर्शकच घ्या.

एक गोष्ट मात्र बाटली घेताना माझ्या डोक्यात असतेच. या आगावेची फुलं रात्री वटवाघळं परागित करतात, लांब नाकाची, दर वर्षी दक्षिणेकडून सोनोरा आणि आमच्या भागापर्यंत येणारी. उन्हाळा संपता संपता हमिंगबर्डसाठी टांगलेली साखरपाण्याची भांडी टूसॉनमध्ये रातोरात रिकामी होतात, ती यांनीच. सगळेच दांडे छाटले, तर त्यांना खायला उरत नाही आणि रानात बी पडत नाही. मागणी वाढतेय तशी ही चिंता खरी होत जाणार. काही विनातेरो आता रोपं लावतात, थोडी झाडं मुद्दाम फुलू देतात. दुकानदाराला याबद्दल विचारा. चांगल्या दुकानदाराला उत्तर माहीत असतं. अशा बाटलीला दहा-पंधरा डॉलर जास्त पडतात, ते मी आनंदानं देतो.