बारा एलिमेंट आणि एक नकाशा: डीबीए मोहिमेचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

डीबीए (De Bellis Antiquitatis) म्हणजे छोट्या धातूच्या सैनिकांनी टेबलावर खेळायचा प्राचीन लढायांचा खेळ. त्याच्या सुट्या लढाया आमच्या क्लबमध्ये आधीपासून चालायच्या. दोन फुटी चौकोनी टेबल, दोन्ही बाजूंना 12-12 एलिमेंट (एका बेसवर चिकटवलेली सैनिकांची तुकडी म्हणजे एक एलिमेंट), तासाभरात निकाल. मोहिमेत, म्हणजे नकाशावर एकमेकींना जोडलेल्या लढायांत, लढाईचे नियम तेच राहिले, पण डोकं वेगळंच चालवावं लागतं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

विषय घेतला तो अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्ये गेल्यावर त्याच्या सरदारांत जुंपलेल्या भांडणांचा. निवड व्यवहारी होती. सगळ्यांची सैन्यं जवळपास एकाच वळणाची, लांब भाल्यांचं पायदळ आणि थोडं घोडदळ, त्यामुळे ‘तुझं सैन्यच भारी’ ही कुरकुर उरत नाही. प्रत्येकाने एकेक सरदार घेतला, माझ्या वाट्याला लिसिमॅकस आला.

सुट्या लढाईत 4 एलिमेंट गेले आणि समोरच्याचे त्याहून कमी गेले, की खेळ संपला. हरलात तर हरलात, पुढच्या डावात बाराच्या बारा पुन्हा उभे. मोहिमेत तसं नाही. आमच्या पंचाने नियम केला की मेलेल्यांपैकी निम्मेच हिवाळ्यानंतर परत येतील, आणि हार मान्य करून कोणालाही लढाई मध्येच सोडता येईल. मग उरलेलं सैन्य नकाशावर एक मुक्काम मागे जाईल. या दोन ओळींनी सगळ्यांच्या खेळाचा नूर पालटला. दोन एलिमेंट गमावून सटकणं ही चांगली खेळी ठरू लागली. इतिहासातही तेच दिसतं. इ.स.पू. 301 मध्ये इप्ससच्या लढाईत या सरदारांपैकी अँटिगोनस मारला गेला, पण त्याचा मुलगा डेमेट्रियस 5,000 पायदळ आणि 4,000 घोडेस्वार घेऊन इफिससला निसटला आणि पुढे काही वर्षांत मॅसिडोनियाचा राजा झाला. हे पूर्वी वाचलं होतं. टेबलावर तशी वेळ आली, तेव्हा ते खरं कळलं.

एक प्रसंग सांगतो. समोर सेल्युकस हा दुसरा सरदार, म्हणजे हत्ती. (खरा लिसिमॅकस इ.स.पू. 281 मध्ये सेल्युकसशी लढतानाच पडला, त्यामुळे लढाई सुरू व्हायच्या आधीच टोमणे सुरू.) प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा, जितका आकडा तितके पिप, म्हणजे तितक्या हालचाली. समोरच्याला कमी आकडा आला. तेवढ्यात त्याने हत्ती एकटाच पुढे काढला आणि बाकीची रांग मागे राहिली. मी माझे भालाफेके, नियमांच्या भाषेत सायलॉय, त्याच्यावर सोडले. लढताना प्रत्येकाच्या ठरलेल्या आकड्यात फासा मिळवायचा: हत्तीचा आकडा 4, माझा 2. फासे पडले: त्याला 2, मला 5. सहाविरुद्ध सात.

‘अरे, डबल कुठे झालंय? तुझी बेरीज माझ्या दुप्पट नाही. मागे सरकतो फक्त,’ तो म्हणाला.

‘हत्तीला सायलॉयसमोर डबल लागत नाही. उचल.’

नियमपुस्तक उघडलं गेलं, दोनदा वाचलं गेलं, मग हत्ती उचलला गेला. इथेच या पुस्तकाची गोम आहे. एकेका वाक्यात चार अटी कोंबलेल्या, आणि त्यातला एक ‘किंवा’ नजरेतून सुटला की अर्थ उलटा. नवख्याला जुन्या खेळाडूशेजारी बसवा, नुसतं पुस्तक हातात देऊ नका. पण एकदा उमगलं की आकड्यांमागचं युद्ध दिसायला लागतं. लांब भाल्यांच्या मागे दुसरी रांग असली की आकड्यात 3 ची भर पडते, खडबडीत जमिनीवर ती जाते. इ.स.पू. 197 मध्ये किनोस्केफलाईच्या टेकड्यांवर मॅसिडोनियन फॅलँक्सचं, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट रांगांचं, रोमनांसमोर जे झालं, त्याचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे.

आता सामानाबद्दल. 15 मिमीचे धातूचे सैनिक आणि 40 मिमी रुंदीचे बेस. ओतीव भाले सतत वाकतात. ते कापून स्टीलची तार बसवली ती अजून सरळ आहे, फक्त बोटाला टोचते. वॉर्निशचे दोन हात द्याच, कारण कितीही सांगितलं तरी लोक बेसऐवजी डोकं धरून उचलतात. बेसखाली चुंबकीय शीट आणि लोखंडी तळाचा डबा, ही जोडी मात्र पहिल्या दिवशीच करा.

मोहिमेची खरी दुखरी जागा नकाशा किंवा लढाया नव्हे, हिशेब. कोणाचे किती एलिमेंट उरले, कुठलं शहर कोणाकडे, हे पंचाने लिहून ठेवलं नाही तर पुढच्या भेटीत अर्धा वेळ वादात जातो. दुसरी अडचण म्हणजे ज्याचं राज्य लवकर बुडतं त्याने करायचं काय? कॅसँडर या सरदाराचं सैन्य खेळणारा आमचा गडी तिसऱ्या हंगामातच आटोपला आणि यायचा बंद झाला. आता नियम असा की बुडालेला खेळाडू दुसऱ्या कोणाचा तरी सेनापती होतो आणि त्याच्या वतीने फासे टाकतो. तो परत आला, माझ्याच शत्रूच्या बाजूने, आणि स्वतःचं सैन्य असताना खेळायचा त्याहून जोरात खेळतोय.

चौघांपेक्षा कमी असाल तर मोहिमेच्या भानगडीत पडू नका. दोघं मिळून तिसऱ्याला संपवतात आणि नकाशा गुंडाळावा लागतो. सहा जण असतील तर पंच आधी ठरवा, सैन्यं मग वाटा.